फॉरमॅट करण्याआधी आई म्हणाली

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. त्यांचे व्हिडिओ आज जुन्या हार्ड डिस्कवरून लॅपटॉपवर घेतले. फोल्डरात सगळी नावं दिसली. मग डिस्क पुसून बायकोला वापरायला द्यायची म्हणून तिच्या कॉम्प्युटरला लावली.

फॉरमॅटचं बटण दाबणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब की जरा. आधी हुरड्याचा व्हिडिओ लाव."

लॅपटॉपवर लावला. उघडेना. दुसरा, तिसरा, एकही उघडेना!

फायली घेताना दिलेली कमांड बघितली. ऑफिसच्या सवयीनं कॉपीऐवजी ln -s दिलं होतं. म्हणजे लॅपटॉपवर नुसत्या लिंक होत्या, डिस्कवरच्या फायलींचा पत्ता सांगणाऱ्या. आप्पा डिस्कवरच होते.

डिस्क परत लॅपटॉपला जोडली आणि व्हिडिओ लावला. हातावरच्या हुरड्याला फुंकर मारत आप्पा ओरडले, "फोन ठेव की! गरम हाय तंवर खा!"

आई हसली. मला हसू येईना.

तुम्ही जपून ठेवलेलं शेवटचं कधी उघडून बघितलंत?