बस्त्यावने कबूल केलं नव्हतं

तेरेजाचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. "बाई, बाबा गेला. आताच, पाचेक मिनटं झाली," एवढंच ती बोलली. मी म्हटलं, येते. गुरुवारच्या कप्प्यात मी दोनदा गोळ्या टाकल्या आणि शुक्रवारचा रिकामाच ठेवला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नील, मरिया, तुम्ही लहानपणी बोईसरला यायचात तेव्हा तुम्हाला खांद्यावर बसवून चिंचणीच्या समुद्रावर नेणारा बस्त्यावकाका तो हाच. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. तुम्हाला इंग्रजी जास्त सोपं, मला ठाऊक आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलेली आजी वर्तमानपत्राच्या पुरवणीत मराठीत लिहून पोरांना का छळते, असं तुमची आई विचारेल. कारण हे इंग्रजीत एकदा लिहून झालं आहे. मीच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं.

बस्त्याव वाणगावकडच्या एका खेड्यातला. इथल्या एका कारखान्यात फिटर होता. आठवडाभर यंत्रं उघडायची आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मागच्या पत्र्याच्या खोलीत मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचा. मी तेव्हा पॅरिश कमिटीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या मंडळाची, सेक्रेटरी होते. हजेरीपट तपासायच्या निमित्ताने दारात उभी राहून त्याचं ऐकत असे. येशूच्या खटल्याची गोष्ट त्याच्यासारखी सांगताना मी कुणाला ऐकलं नाही. "येशूला कोनी धरवला रे? चोरांनी? नाय. दारुड्यांनी? नाय. उपास करनाऱ्यांनी. प्रार्थना तोंडपाठ असनाऱ्यांनी! त्यांचा मोठा म्हनतो, ह्यो एक गेला तर आपलं सगलं शाबूत ऱ्हाईल. आदी शिक्षा ठरवली, मंग गुन्हा हुडकायला बसले." एका मुलीने विचारलं, "म्हंजे ते फादर व्हते?" "त्यांच्या देवलातले, होय." "आपले फादर असं करतील?" बस्त्याव हसला. "आपल्या फादरला आदी आपल्या वर्गात यायला तर येल मिलू दे." पोरं खिदळली. मी मागून म्हटलं, "बस्त्याव, मुलांना घाबरवू नकोस." "घाबरवत नाय, बाई. वलख करून देतो."

त्याच्या वर्गात सुकरी नावाची एक वारली बाई येत असे. डोंगराकडच्या पाड्यावरून चालत यायची, मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसायची. बाप्तिस्मा झालेला होता, पण चर्चमध्ये लग्न झालेलं नव्हतं. पाड्यावर तशी रीतच आहे. दोघं आधी घर मांडतात, मुलंबाळं होतात, लग्नाचा विधी जमेल तेव्हा, कधी कधी पोरांच्या लग्नाबरोबर. सुकरी तापाने गेली. तिचा नवरा चर्चच्या दारात आला तेव्हा आमच्या फादरनी सांगितलं, ही पापात राहिली, पापात मेली, आमच्या कबरस्तानात जागा नाही. आणि त्याच महिन्यात आम्ही एका कारखानदाराला घंटा वाजवून, तीन पाद्र्यांची मिस्सा करून पुरलं होतं. त्याचं दुसरं बिऱ्हाड कुठल्या इमारतीत आहे हे अख्ख्या बोईसरला माहीत होतं. पण चर्चचं नवं छप्पर त्याने घातलेलं... त्या छपराखाली बसून आम्ही सगळे त्याच्यासाठी रडलो.

बस्त्याव सुकरीच्या नवऱ्याबरोबर पाड्यावर गेला. त्यांच्याच शेताच्या कडेला खड्डा खणला, स्वतः प्रार्थना म्हटली आणि सुकरीला पुरलं.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर कमिटी बसली. आम्ही सात जण, फादर आणि दाराजवळ उभा बस्त्याव. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. मीही दिली नाही. अधिकार नसताना अंत्यविधी केला, हा आरोप. एक जण म्हणाला, हा वर्गात फादरची टिंगल करतो. दुसरा म्हणाला, पाड्यावर तो स्वतःला फादर म्हणवतो. हे दोघेही कधी वर्गात आले नव्हते, पाड्यावर तर नाहीच. तिसरे, फार सज्जन गृहस्थ, हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. एका माणसापायी अख्खी पॅरिश कशाला नासवायची?" ते वाक्य मी आधी कुठे ऐकलंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं, मुलांनो. नंतर नाही. त्याच क्षणी.

मग बस्त्याव बोलला. मिनिटभर, फार तर दोन. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. फादर म्हणाले, "टीचर, एवढं सगळं नको. लिहा की त्याने चूक कबूल केली. त्याच्याच भल्याचं आहे, प्रकरण इथेच मिटेल." मला ते पटलं. निदान पटल्यासारखं झालं. माझं अक्षर चांगलं, माझं इंग्रजी निर्दोष. वर्गाची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेतली, आणि त्याने आपली चूक मान्य केली, अशा दोन नेटक्या ओळी मी लिहिल्या. कमिटीच्या वृत्तांताची ती वही त्याच्यापुढे ठेवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने विचारलं, "बाई, तुमीच लिवलंय ना?" मी हो म्हटलं. त्याने मराठीत सही केली.

त्यानंतर तो शेवटच्या बाकावर बसू लागला. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आपल्याकडे येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं, तेव्हा त्याला मारा म्हणून ओरडणाऱ्या गर्दीची वाक्यं सगळ्या लोकांनी मिळून म्हणायची असतात. बस्त्याव ती कधी म्हणत नसे. ओठ मिटून उभा राहायचा. मी पुढच्या बाकावरून स्पष्ट उच्चारात म्हणायचे... माझ्याशी वागण्यात त्याने कधी फरक केला नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हा तीन दिवस आमच्या दारात बसून होता.

तो गेला त्याच्या चार दिवस आधी मी दवाखान्यात गेले. उशीजवळ स्टुलावर बसले आणि म्हटलं, "बस्त्याव, त्या वहीत मी..." "ठाऊक हाय," तो म्हणाला. तेरेजा कॉलेजात असताना कसल्या तरी दाखल्यासाठी चर्चच्या ऑफिसात गेली होती, तेव्हा तिने ते पान वाचलं आणि घरी येऊन त्याला सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं... "मग मला विचारलं का नाहीस रे?" "इचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं. मला न इचारता ऐकायचं व्हतं." मी त्याची चादर सारखी केली. त्यानेच विचारलं, "आता लिवाल?" "लिहीन." "बरं," म्हणाला, आणि डोळे मिटले. मी ठरवलं, रविवारी मिस्सेनंतर फादरना भेटून वही मागायची. सगळी कामं मी अशीच वार ठरवून करते. रविवार यायच्या आधी तो गेला.

त्याला मात्र कबरस्तानात जागा मिळाली. आताचे फादर तरुण आहेत, मनाने चांगले. बस्त्यावची ओळख नव्हती म्हणून त्यांनी जुनी वही काढून वाचली. शवपेटीसमोर उभे राहून म्हणाले, "या माणसाकडून एकदा मोठी चूक झाली, पण त्याने ती नम्रपणे कबूल केली. किती जणांना हे जमतं?" लोकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या बाकावर होते. उठून एवढंच म्हणायचं होतं की नाही, फादर, असं झालं नाही. गुडघे दुखत होते म्हणून उठले नाही असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. कबरीवर माती टाकून झाल्यावर तेरेजा माझ्याजवळ आली. "बाई, तुमी तरी उठायला पायजे व्हतं," म्हणाली, आणि मला हाताला धरून रिक्षापर्यंत सोडायला आली. त्या हाताने मला जास्त लागलं.

नंतर मी फादरकडे गेले. सगळं सांगितलं. ते गोंधळले. "मावशी, मी तर त्यांचं कौतुकच केलं ना? आणि ती वही आता बंद झाली. सह्या झालेल्या वृत्तांतात मला बदल कसा करता येईल? त्यावर तुमचीच सही आहे." त्यांचंही बरोबर आहे. नियम मीच बनवून दिला होता.

वहीत जागा नाही, म्हणून इथे लिहिते. नील, मरिया, हे कापून ठेवा. तेरेजाला एक प्रत दिली आहे. त्या रविवारी, मिस्सेनंतर, कमिटीच्या खोलीत दाराजवळ उभं राहून बस्त्याव जे बोलला ते असं होतं:

"सुकरी माज्या वर्गात येत व्हती. उन्हाची, दोन तास चालून. येशूची गोष्ट ऐकून ती रडत व्हती, आपल्यातलं कोन रडलं? तिला दार लावलं, म्हनून मी गेलो. मला प्रार्थना येते, ती म्हटली. मी फादर झालो नाय. तिचं नाव घेतलं आनि पुरली, एवडंच. वर्ग काडून घ्यायचा तर घ्या, मला वाईट वाटल, पन घ्या. चूक केली असं मी म्हननार नाय. मेलो तरी म्हननार नाय. बाई, हे लिवा."