सावलीत वाळवलेलं विरजण

भिंतीपलीकडच्या मावशीनं माझ्या आईचं विरजण जगवलं. बाकीचं मागाहून सांगते, पण हे आधी.

आई वारली ती आमच्या गावात, इंझोरीला, ऐन थंडीत. आमच्यात माणूस गेलं की घरातलं शिजलेलं अन्न, भरलेलं पाणी, सगळं टाकून देतात. चुलतीनं दह्याचं गाडगंही उकिरड्यावर उपडं केलं. मी सातवीतून शाळा सोडलेली, सगळ्यांना भिणारी. मी तिला अडवलं नाही. तेराव्यानंतर मला भावाकडे, दूर गुजरातेत जायचं होतं. आईच्या हातचं तेवढंच सोबत नेता आलं असतं. रोज सकाळी आईच्या घरात रवीचा आवाज यायचा. मी उठून बघायची. कोणी नसायचं.

एके दिवशी मावशी भिंतीवरून म्हणाली, "काहून रडून राह्यली वं? तुही माय माह्या घरी हाय."

मी वळसा घालून तिच्या दारात गेले.

तिनं मडक्यातून ज्वारीच्या पिठाच्या तीन गोळ्या काढल्या. दुष्काळात तिची म्हैस आटली, तेव्हा आईचं दही पिठात मळून तिनं गार वाऱ्यावर वाळवलं होतं, वरून कोरड्या पिठाचा थर देऊन.

"उन्हात ठेवलं त मरते. सावलीतच पाह्यजे. तुह्या आजीनं माह्या हातचं पाणी नाई पेलं, पण तुही माय भिंतीवरून दही देत जाय. आन आमाले तुमचं सुतक नाई लागत!" ती हसली.

गावात मागून आणलेल्या दुधात पहिली गोळी मीच घातली, घाईघाईनं, दूध गरम असतानाच. ते नासलं. आईला मी दुसऱ्यांदा घालवलं, असं वाटलं. दुसरी मावशीनं घातली. बोट बुडवून, कोमट झाल्यावरच. दुसऱ्या दिवशीही पातळच. तिसऱ्या सकाळी दही लागलं होतं. चव आईचीच.

उरलेली शेवटची गोळी तिनं माझ्या पदराला बांधली. तिच्या मडक्यात काहीच राहिलं नाही, आणि लागलेलं दही पुढं लावायला तिच्या घरी दूध नव्हतं.

आता गुजरातेत मी दुधाच्या कारखान्यात काचेच्या नळ्या धुते. तिथले साहेब दह्यातले जंतू दुधाच्या भुकटीच्या पाण्यात कालवून गोठवतात, मग यंत्रानं त्यांतलं पाणी ओढून घेतात. "मेले नाहीत, थांबलेत," म्हणतात. तरी कोणी नळी फोडून दुधात रिकामी केली की मी हातातलं काम ठेवून बघते, दूध फार गरम तर नाही ना.

घरी त्या शेवटच्या गोळीतून सुरू झालेलं आईचं दही रोज लागतं. रोज झाकण काढताना वाटतं, आज लागलं नसेल.

मावशे, एव्हाना तुझी म्हैस व्याली असेल. थंडी पडली की तीन गोळ्या वाळवीन, तुझ्याच रीतीनं, सावलीत. आणि एक दिवस येऊन तुझ्या हातात ठेवीन.