घरी दिवसभर कोण असतं?

“घरी दिवसभर कोण असतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

प्रश्न साधाच होता. पण आमच्या चिखलीच्या घरात त्याला उत्तर नव्हतं. मी चाकणला गाड्यांच्या वायर हार्नेसच्या कंपनीत, कायम फर्स्ट शिफ्टला. धाकटे दीर भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, कायम सेकंड शिफ्टला. आणि ज्याच्यासाठी आम्ही तिथं बसलो होतो तो माझा नवरा चाकणलाच मशीन ऑपरेटर. पण गेटवरच्या दारू तपासायच्या, फुंकायच्या मशीननं त्याला पुन्हा पकडलं होतं. कंपनीनं सांगून टाकलं होतं, उपचार घे, नीट हो आणि मग ये, नाहीतर येऊच नकोस. उरल्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे.

“मी असते की,” आत्या म्हणाल्या. “मी कुटं जाते?”

डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, घरी ठेवून उपचार. थरथर थांबायला आणि झोप यायला गोळ्या, आठवड्याला इथं चक्कर, आणि घरात सतत कुणीतरी जवळ, जो स्वतःच्या हातानं गोळी देईल आणि याला एकट्याला बाहेर सोडणार नाही. दुसरी, वॉर्डात ठेवायचं, दारू अंगातून जाईपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे. “मला विचाराल तर ठेवा,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी फिट आली होती ना?”

आली होती. स्वतःच्या मनानं एकदम सोडली आणि दुसऱ्या दिवशी मोरीत धाडकन पडला. तोंडाला फेस. आत्यांनी नाकाला चप्पल लावली, मी नुसती किंचाळत होते.

“आणि एक ऐका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “या गोळ्या चालू असताना वरून दारू गेली तर झोपेतल्या झोपेत श्वास थांबू शकतो. घरातल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवा.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यांनी सगळ्यात जास्त.

बाहेर चहाच्या टपरीवर फैसला झाला. खरं तर तो आत्यांनी आधीच करून टाकला होता. “माझा ल्योक काय येडा हाय का, जाळीच्या आत ठिवायला? भावकीत कळलं तर तोंड कुटं दाखवू?” मी म्हटलं, “आत्या, तो गटारीत पडतो तेव्हा भावकी आंधळी असते का?” त्यावर त्यांनी चहाचा ग्लास तसाच ठेवून दिला. मग नवऱ्यानं टपरीवाल्यासमोर, आईसमोर माझा हात धरला. “मला कोंडू नको गं. घरी सोडतो. तुझी शपथ.” पूर्वी मी त्याला अहोजाहो करायचे. दारूनं ते कधीच घालवलं होतं. तरी त्या दिवशी हात धरल्यावर मी विरघळले. आवडतो मला तो, काय करू? दारू नसली की त्याच्यासारखा माणूस नाही.

“वहिनी, आपण चार्ज लावू,” दीर म्हणाले. “शिफ्टसारखं. रिलीव्हर आल्याशिवाय कुणी मशीन सोडायचं नाही.”

मग आमच्या घरात माझ्या नवऱ्याची शिफ्ट सुरू झाली. सकाळी मी बस पकडायला निघताना दिरांना हलवून उठवायचे, “भावजी, चार्ज घ्या.” ते डोळे चोळत उठायचे आणि दादाच्या कॉटशेजारी सतरंजी टाकायचे. दुपारी ते भोसरीला निघायचे तेव्हा आत्या चार्ज घ्यायच्या, आणि माझी बस चौकात पोचली की मी धावत घरी जाऊन आत्यांकडून घ्यायचे. संध्याकाळ माझी, रात्र माझी. गोळी हातावर द्यायची, पाणी द्यायचं, तोंड उघडून बघायचं. नवरा जीभ बाहेर काढून म्हणायचा, “बघा मॅडम, माल ओके. मारा स्टिकर.” मला हसू यायचं. सुरुवातीला थरथर होती, घामानं उशी भिजायची, तरी तो टिकला. एका संध्याकाळी त्यानं स्वतः कांदा चिरून पोहे केले. मी देवासमोर हात जोडले आणि म्हटलं, आता एवढं पार पाड.

आणि मग एका दुपारी घरात शिरले तर वास.

मी त्याचं तोंड हुंगलं. मिठी मारल्यासारखं करून गळा हुंगला, शर्ट हुंगला. कॉटखाली, टाकीमागं, मोरीतल्या बादलीत, चपलांच्या स्टँडमागं शोधलं. बाटली कुठंच नाही. आत्या म्हणाल्या, तो उंबऱ्याबाहेर गेलाच नाही. रात्री दीर आले आणि आमची जुंपली. “वहिनी, माझ्या शिफ्टला काही झालेलं नाही. मी कडीला कुलूप घालून आंघोळीला जातो.” “मग काय मी आणून दिली?” “मी तसं म्हटलं का?” “भावजी, तोंडानं नाही म्हटलं!” नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

पुढं दोनतीन दिवसांआड हेच. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी आमची गत. दीर माझ्याशी बोलेनासे झाले. मी त्यांच्या पिशव्या तपासायला लागले. शेजारच्या पोरांवर संशय घेऊन झाला, दूधवाल्यावर घेऊन झाला. लाइनवर बसून वायरी जोडताना माझे हात चालायचे आणि डोकं घरातले कोपरे शोधत फिरायचं. झोप उडाली होती. तो घोरायला लागला की डॉक्टरबाईंचं वाक्य आठवायचं, मग मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायचे.

आत्यांवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? माझे सासरे दारूनंच गेले. या बाईनं त्यांच्या बाटल्या घराच्या पायरीवर फोडल्या होत्या, सगळ्या गावाला ठाऊक होतं ते. लग्नात कुणी पिऊन आलं तर आत्या पंगतीतून उठून जायच्या.

एक दिवस कंपनीत माल संपला आणि लाइन बंद पडली. आम्हाला लवकर सोडलं. मी चौकात बसमधून उतरले आणि समोरच्या देशी दारूच्या दुकानासमोर, गड्यांच्या रांगेत, एक लुगड्यातली बाई दिसली. पदर नाकापर्यंत ओढलेला. पदरानं चेहरा झाकतो, पण चालणं कुठं झाकतं? तिचा नंबर आला, ती पुढं झाली, आणि त्या एका पावलानं मी ओळखलं.

मी रस्त्यातच त्यांचा दंड धरला. “आत्या!”

त्या दचकल्या नाहीत. पदराआडची बाटली घट्ट धरून म्हणाल्या, “हितं नगं. घरी चल.”

“घरी काय घरी? कुंपणानंच शेत खाल्लं! मी भावजींना चोर ठरवलं, माझं डोकं फिरायची वेळ आली, आणि तुम्ही? लाज नाही वाटत?” रांगेतले गडी बघत होते. बघू देत, मला काही पडली नव्हती. मी ओरडत होते आणि रडत होते.

आत्या चालायला लागल्या. मी मागं मागं. वाटेत, माझ्याकडे न बघता, त्या बोलल्या.

“तू कामाला जातीस. धाकला निघून जातो. मंग त्यो थरथरतो. दात वाजत्यात. माझं पाय धरतो गं, आई, बुचभर दे म्हनतो, न्हाईतर मी मरतो म्हनतो. मी खोकल्याच्या औषधाचं बूच घेतलं, मोजून देते. जास्त न्हाई देत. आन् डॉक्टरीन म्हनली व्हती ना, गोळी आन् दारू एका जागी नगं? म्हनून दुपारची गोळी मी देतच न्हाई. ठिवलीय बाजूला.” त्यांनी कमरेची चंची काढून दाखवली. सुपारीच्या खांडांत गोळ्या होत्या.

“अहो पण सकाळची गोळी पोटात असते ना! रात्रीची असते!”

“मला काय कळतंय पोटातलं.” मग त्या थांबल्या. “त्याचा बा असाच थरथरत व्हता. मी म्हनलं, मर, पर देनार न्हाई. दार लावून घेतलं. सकाळी उघडलं तवा मेला व्हता. मी दिली असती तर जगला असता, असं गावातला डॉक्टर मागनं म्हनला. मंग मी काय करू, सांग की! तू सांग!”

मी त्यांच्या हातातली चंची काढून घेतली आणि पुढं चालायला लागले.

घरी गेलो तर तो कॉटवर पालथा झोपलेला. आत्या दुकानाकडे निघताना उरलीसुरली बाटली बुचासकट त्याच्यापाशीच ठेवून गेल्या होत्या, आणि बूच बाजूला टाकून त्यानं बाटलीच तोंडाला लावली होती. हाक मारली, हलवलं, गालावर मारलं. नुसता घुर्र आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग परत घुर्र. ओठ जांभळे. आत्यांनी छाती पिटून घेतली. मी रिक्षावाल्याला शिव्या घालत, हॉर्न वाजवायला लावत त्याला हॉस्पिटलात नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी सारखी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होते, हलतेय का, हलतेय का.

वाचला. आपल्या पुण्याईनं नाही, वेळेवर पोचलो म्हणून.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाई त्याच्याशी बोलल्या, मग आम्हाला बोलावलं. दीरही धावत आले होते. कुणी दिली हे मी त्यांना सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच विचारलं. घरी की इथं? मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “ठिवा त्याला.”

दीर त्यांच्याकडे वळले. “आई, तूच तर म्हणत होतीस...”

“आता म्हनते ठिवा.”

कॉटवरून नवऱ्यानंही मान हलवली. इतका गळून गेला होता की कशालाही हलवली असती. डॉक्टरबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “चारदोन दिवसांनी अंगात जरा ताकद आली की तो घरी न्या म्हणेल. रडेल, शिव्या देईल. इथून निम्म्याअधिक पेशंटना त्यांची माणसंच अर्ध्यात घरी घेऊन जातात. मी एका मर्यादेपर्यंतच अडवू शकते. पुढचं तुमच्यावर.” मी मनात म्हटलं, मी नाही नेणार. बाई, मला ओळखत नाही तुम्ही.

भेटायची परवानगी मिळाली तेव्हा आत्या आणि मी गेलो. तो जाळीच्या दाराशी उभा होता. दाढी वाढलेली, वॉर्डाचा ढगळ शर्ट. आईकडे त्यानं बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “शेजारच्या कॉटवरचा माणूस रात्रभर ओरडतो. मला झोप नाही. मी आता नाही पीत, बघ, हात बघ माझा.” त्यानं हात पुढं केला. थरथरत नव्हता. “चल ना घरी. इथं मरेन मी. तू तरी असं करू नको.”

एवढी वाघीण मी, रिक्षावाल्याला शिव्या घालणारी, डॉक्टरबाईंना मनातल्या मनात सुनावणारी, पार ढेपाळले. जाळीतून त्याची बोटं धरली आणि म्हणाले, थांब, बोलते मी. बोलून येते.

आत्या तोवर खाली उतरून जिन्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि भडाभडा बोलत सुटले. “आत्या, घरी नेऊ. मी सांगते ऐका. मी नोकरी सोडते. खड्ड्यात गेली नोकरी. मी चोवीस तास त्याच्याजवळ बसते, गोळ्या मी देते, सगळं मी बघते. त्याला तिथं बघवत नाही मला. हात बघितलेत ना त्याचे? चांगला झालाय तो. भावजींना बोलावते, रिक्षा आणते, आत्ता नेऊ.”

आत्या ऐकत होत्या. वरून त्याची हाक आली, “आई!” आल्यापासून पहिल्यांदा त्यानं आईला हाक मारली होती. आत्यांचे गुडघे उठायला हलले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाक धरला.

“नेऊ ना आत्या?”

“ने,” त्या म्हणाल्या. “पर त्यो परत माझं पाय धरंल. मंग मला कुटं ठिवशील?”