दाराशी थांबलेली बाहुली

आमचं कॉलेज लहान, तालुक्याच्या गावचं. महिन्यातून एकदा आम्ही सगळे संगणकातल्या एका खोट्या वर्गात जमतो. तिथे प्रत्येकाची एक बाहुली असते. माझी बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून शिकवते. खऱ्या वर्गातही मी फळ्याशीच बोलत आल्यामुळे मुलांना फारसा फरक जाणवत नसावा.

परवा तास संपला, बाहुल्या भराभर नाहीशा झाल्या. एक मात्र दाराशी उभीच. डोक्यावर नाव सुनंदाचं. दिवाळीनंतर लग्न होऊन ती सासरी गेली, तिथूनच शिकते.

"अहो, जेवायला येताय ना?" बायकोने हाक मारली.

"एक मुलगी थांबलीय गं. शिक्षण सोडते म्हणायचं असेल तिला."

"मग विचारा की! नुसते बघत काय बसलात?"

मी विचारलं. बाहुली दाराशीच. खऱ्या वर्गात चेहरा दिसला असता, ओढणीशी चाळा करणारी बोटं दिसली असती. या बाहुल्यांना सुखदुःखात एकच हसू. काही सुचेना, म्हणून मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

शेवटी सुनंदाचा दबका आवाज आला, "सर, तुम्ही आधी निघा ना. तुमच्या आधी मी कशी जाऊ?"

बायको खो खो हसली. मीही हसलो आणि निघालो.

पण जेवताना घास तोंडात फिरत राहिला. एवढंच सांगायचं होतं, तर पोरीने आवाज इतका का दाबला?