कूलरसमोर मुरलेला चहा

आधीच कबूल करून टाकतो, मी चहातला जाणकार वगैरे नाही. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो, आणि आजवरचा बहुतेक चहा गेटबाहेरच्या टपरीवर उभ्याउभ्या प्यायलो आहे. कोलकात्याला जाऊन जुना चिनी चहा चाखायची ज्यांना हौस आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. तो घरी मुरवायची ज्यांना हौस आहे, त्यांनी तर दोनदा वाचावं, म्हणजे मी केलेला मूर्खपणा त्यांच्या हातून होणार नाही.

अठरा वर्षांपूर्वी कंपनीने मला एक मशीन बघायला चीनला पाठवलं. आमची प्रज्ञा तेव्हा दीड महिन्यांची होती. मी दर जेवणाला खिशातून तिचा फोटो काढून लोकांना दाखवायचो. शेवटच्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मालकाने कागदात गुंडाळलेली एक गोल, चपटी वडी हातात ठेवली. दुभाष्या म्हणाला, हा पु-अर चहा. पानं वाफवून दाबलेली असतात, वर्षानुवर्षं आतल्या आत मुरत राहतात. आता पिऊ नका, मुलगी मोठी होईल तेव्हा फोडा. माझे डोळेच भरून आले. घरी आणून ठेवली तर आईने कागद उलगडला, वास घेतला आणि विचारलं, "काहून गा, चीनहून गोवरी आणली का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव गोवरीच.

पुढे मी वाचन केलं. अर्धवट वाचन माणसाला कुठे नेतं, ते पुढे कळेलच. या चहाला मुरायला दमट हवा लागते. आणि आम्ही राहतो नागपुरात, जिथे मे महिन्यात ओला टॉवेल वाळत घालून वळेपर्यंत पापड होतो. पण मी पडलो तपासणी खात्याचा हुशार माणूस! मी उपाय काढला. खिडकीतल्या कूलरच्या बरोबर समोर फळी ठोकली आणि वेताच्या टोपलीत गोवरी ठेवली. उन्हाळाभर तिला गारेगार ओलं वारं. दरवर्षी महालच्या बाजारातून खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या आणून कूलरच्या जाळ्यांत भरायच्या, त्याही चांगल्यातल्या. शेजारच्या कशाचाही वास हा चहा ओढून घेतो असंही वाचलं होतं. म्हणून त्या खोलीतून लसूण हद्दपार, उदबत्ती हद्दपार, बायकोची केसांच्या तेलाची बाटलीसुद्धा हद्दपार. बायको शाळेत शिकवते, तिचं बोलणं मोजकं आणि बरोबर बसणारं असतं. ती म्हणायची, "त्या गोवरीचे जेवढे लाड करून राहिले नं जी, तेवढे एक दिवस माहे करून पाहा."

यंदा प्रज्ञाला कोलकात्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला. आनंद झालाच. पण गेलं वर्षभर आमच्या दोघांचं बोलणं तीन शब्दांवर आलं होतं: "हो", "नाही" आणि "बघते". भांडण काही नव्हतं. ती अठरा वर्षांची, मी बाप, एवढंच. मी काही विचारायला गेलो की तिच्या कानात वायर असायची.

हा चहा दहा-बारा पाण्यांचा असतो. तीच पानं, दर वेळी नवं उकळतं पाणी, दर वेळी एवढीशी वाटी. घाई करताच येत नाही, दोन तास सहज जातात. खरं सांगतो, मला चहाचं एवढं काही नव्हतं. तिला हॉस्टेलवर सोडण्याआधी मला ते दोन तास पाहिजे होते. नुसतं "ये, बस, बोलू" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी अठरा वर्षं जुना चहा मध्ये घातला. आणि भीती एकच होती. चहा खराब निघाला तर ती दुसऱ्या वाटीला उठणार, "चला बाबा, उशीर झाला" म्हणणार, आणि मी गेटवर टाटा करून परत येणार.

बायकोच्या शाळेला सुट्टी नव्हती. तेव्हा आम्ही बापलेक दोघंच निघालो. नागपूरहून हावड्याला थेट गाड्या भरपूर आहेत, अठरा ते वीस तास लागतात. आरक्षण मात्र महिना-दोन महिने आधी करा. बायकोने पुऱ्या, सुकं बेसन आणि लिंबाचं लोणचं दिलं. लोणच्याचा वास लागू नये म्हणून मी गोवरीची टोपली सबंध प्रवास मांडीवर घेऊन बसलो. रायपूरला चढलेल्या एका बंगाली काकांनी बराच वेळ टोपलीकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "साप है क्या?"

"चाय है," मी म्हणालो.

त्यांनी बर्थच बदलला. प्रज्ञाने खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते, पण हसत होती की लाजत होती ते मला काही कळलं नाही.

दुसरा दिवस हॉस्टेल, फॉर्म, बादली-मग आणि गादी यात गेला. हावडा स्टेशनबाहेर प्रीपेड टॅक्सीची रांग आहे, तिथूनच घ्या. भाव करण्यात मी अर्धा तास घालवला आणि शेवटी प्रीपेडपेक्षा जास्त देऊन बसलो. "नागपूरचा हिसका दाखवला, हो नं बाबा?" प्रज्ञा म्हणाली. एक अख्खं वाक्य! मी ते मनात जपून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे पाचला तिला गेस्ट हाऊसवर उठवलं. सामान टाकलं होतं, पण हॉस्टेलात राहायला तिला त्याच दिवशी दुपारी जायचं होतं. तिरेटा बाजारातला चिनी नाश्ता सहाला लागतो आणि आठला तर संपतोसुद्धा. रस्त्याच्या कडेला वाफेची पातेली, माशाच्या गोळ्यांचं सूप, मऊसूत पाव, मोमो. दोघांचं पोट तीनेकशे रुपयांत तुडुंब भरतं. तिखटाच्या बाबतीत मी नागपूरकर म्हणून छाती फुगवून लाल चटणीचे दोन चमचे घेतले, आणि नंतरची दहा मिनिटं सूपच्या पातेल्याशेजारी हुंदके देत उभा राहिलो. प्रज्ञाने फोटो काढून आईला पाठवला.

तिथून टांग्र्याच्या चिनी वस्तीत गेलो. चहाच्या एका ऑनलाइन गटात ओळख झालेले चिनी वंशाचे चुंगबाबू तिथे राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पिढ्यान्‌पिढ्या कोलकात्यात, आधी बुटांचं दुकान होतं, आता रिटायर. आम्हाला बसवून त्यांनी लाकडी ताट मांडलं. झाकणाची एक पांढरी वाटी, तीन इवलेसे पेले आणि शेगडीवर पाणी. वडी फोडायला मी कारखान्यातून स्क्रू ड्रायव्हर आणला होता. त्यांनी तो हळूच बाजूला ठेवला आणि एका बारीक सुरीने कडेची पानं अलगद सोडवली.

कोरडी पानं नाकाशी नेली. थांबले. पुन्हा नेली. माझ्याकडे पाहिलं.

पहिलं पाणी ओतून त्यांनी ते लगेच पेल्यांत काढलं. मी पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मोठ्याने "वा!" पण म्हणालो.

"बाबा!" प्रज्ञा कुजबुजली.

चुंगबाबू हसायला लागले. "पहला पानी पीने का नहीं होता दादा. पत्ती धोने का, पेला गरम करने का." आणि त्यांनी उरलेले दोन पेले ताटात ओतून दिले. अठरा वर्षांची धूळ प्यायलेला मी बहुधा त्यांच्या घरातला पहिलाच पाहुणा.

दुसरं पाणी आलं. रंग काय सुरेख, गडद तांबूस! मी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. चव ओळखीची होती, फार ओळखीची, पण चहाची नव्हती.

"यह किधर रखा था?" चुंगबाबूंनी विचारलं.

"घर में," मी म्हणालो.

"घर में किधर?"

"फळी पे."

तिसरं पाणी आलं. आता तर वास सगळ्या खोलीत पसरला. चुंगबाबू डोळे मिटून म्हणाले, "कोई घास है. भीगा हुआ. जड़ है किसी घास का."

आणि प्रज्ञा ओरडलीच, "कूलर! बाबा, हा तं आपला कूलर आहे!"

खस. अठरा उन्हाळे, अठरा वर्षांच्या नव्याकोऱ्या, चांगल्यातल्या ताट्या. लसूण हाकलला, उदबत्ती हाकलली, बायकोचं तेल हाकललं, आणि नागपुरातला सगळ्यात मोठा वास खुद्द मी चहाच्या तोंडावर पंखा लावून सोडला. वर पगार कशाचा घेतो? मालाच्या तपासणीचा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुंगबाबूंना सगळं सांगितलं. कूलर म्हणजे काय, ताट्या म्हणजे काय, पंप कसा चालतो. ते गंभीरपणे ऐकत राहिले.

"खराब हो गया नं?" मी विचारलं.

"बेचेगा तो कोई नहीं लेगा," ते म्हणाले. "बेचने का है?"

"नाही."

"तो पियो. अभी तो तीसरा पानी है."

मी प्रज्ञाकडे पाहिलंच नाही. ती आता उठणार, हे ठरलेलं होतं. तिचा हात पुढे आला आणि तिने पेला चौथ्या पाण्यासाठी सरकवला.

"आपण तिघं कूलरसमोर एका ओळीत झोपायचो," ती म्हणाली. "मी मधे. आई म्हणायची, वाऱ्यात नको झोपू, सर्दी होते. आणि लाइट गेली की तुम्ही पुठ्ठ्याने वारा घालायचे. मी जागीच राहायची, पण डोळे बंद करून. उघडले असते तं तुम्ही थांबले असते."

मला हे माहीतच नव्हतं. मी तर समजायचो, पोरगी पटकन झोपते.

पाचव्या पाण्याला खस जरा मागे सरकला आणि खालून चहा वर आला. जुन्या लाकडासारखी गोड, जडशी चव, घशात बराच वेळ राहणारी. सहाव्याला ती आणखी स्वच्छ झाली. चुंगबाबू दर वेळी पाणी थोडं जास्त वेळ ठेवायचे. सातव्या पाण्याला प्रज्ञा पेल्यात बघत म्हणाली, "बाबा, मले भीती वाटून राहिली."

"कशाची वं?"

"इथची. सगळ्याची. म्हणून तं मी तुमच्याशी बोलत नव्हती. बोलली असती तं रडली असती, आणि तुम्ही म्हटलं असतं, नको जाऊ."

"म्हटलं असतं," मी कबूल केलं. आणि मग आम्ही दोघंही रडलो, एका परक्या माणसाच्या घरी, सकाळी साडेनऊला. चुंगबाबूंनी शांतपणे आठवं पाणी ओतलं.

पुढची पाणी मी मोजत होतो. दर वेळी रंग थोडा फिका व्हायचा आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायची. ती बोलत होती. कॉलेजबद्दल, खोलीतल्या दुसऱ्या मुलीबद्दल, आपल्याला बंगाली जमेल का याबद्दल. चौदाव्या पाण्यानंतर चुंगबाबूंनी झाकण उघडून पानं दाखवली. आता अख्खी उमललेली, हिरवट तपकिरी. "बस," ते म्हणाले. "अब पानी है."

निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी स्क्रू ड्रायव्हर तिथेच विसरलो. परत मागवणार नाही.

दुपारी हॉस्टेलच्या गेटवर प्रज्ञा म्हणाली, "अर्धी गोवरी मले द्या."

"तुझ्या हॉस्टेलात किटली चालत नाही. चहा करशील कशात?"

"कोण चहा करून राहिलं? कपाटात ठेवीन. कपड्यांत."

"अवं, कपड्यांत नको! साबणाचा, अत्तराचा, सगळा वास लागंल त्याले!"

"लागू द्या," ती म्हणाली. तिने गुडघ्यावर धरून वडी मोडली, अर्धी ओढणीत गुंडाळली आणि आत गेली. वळून पाहिलं, हात केला. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दुधाचा, आल्याचा, चांगला साखर घातलेला चहा मागवला आणि तसाच ठेवून निघालो.

परतीच्या गाडीत टोपली मांडीवर घेतली नाही. बर्थखाली चपलांशेजारी ठेवली.

घरी पोचलो तर उन्हाळा सरला म्हणून बायको कूलरच्या जाळ्यांतून खसाच्या जुन्या ताट्या काढत होती. "कसा होता जी चहा?" तिने विचारलं. मी तिच्या हातातल्या ताटीकडे बोट दाखवलं. समजायला तिला दोन क्षण लागले. मग हसून हसून ती तिथेच फरशीवर बसली, आणि हसता हसता, प्रज्ञाच्या रिकाम्या पलंगाकडे लक्ष गेलं तशी उठून पुन्हा ताट्या काढायला लागली.

कोलकात्याला जाणाऱ्यांनी तिरेटा बाजार चुकवू नये, लाल चटणी चुकवावी. पु-अर घेतलाच तर कूलरपासून लांब ठेवावा. बाकी मी काय आणलं म्हणाल, तर तीनशे सत्तावन्न ग्रॅमच्या वडीतला अर्धा चहा, जो बाजारात कोणी घेणार नाही.

संध्याकाळी मी प्रज्ञाचं कपाट उघडलं. मागे राहिलेले कपडे, शाळेचा निळा स्वेटर, विरलेला एक दुपट्टा. स्वेटरच्या घडीत मी ती अर्धी गोवरी ठेवायला लागलो. बायको मागे येऊन उभी होती.

"तिथं वास लागंल नं जी त्याले," ती म्हणाली.

"लागू दे."

तिने वडी माझ्या हातातून घेतली, स्वेटरच्या आणखी आत सरकवली आणि कपाट लावून घेतलं.