उपासाची केळी

माझा धाकटा भाऊ टेंभुर्णीला केळीच्या गाड्या भरायचा. तिथल्याच चौकात त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून तो सोलापुरात आमच्या पुढच्या खोलीत पडून आहे. डोळे उघडे, नाकात नळी, ओळख कुणाचीच नाही. आणि आई उपास करते.

सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी, चतुर्थी. तो उठून बसेपर्यंत. कपभर चहा, मूठभर शेंगदाणे, संपला फराळ. साबुदाणा तिला बाधतो, भगर घशाखाली उतरत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी तोंडाची फटकळ, देवासमोरच भांडले, "एक आडवा पडलाय तेवढं पुरे की! तू पण पड, मग मी दोघांचं करत बसते!" ती म्हणाली, "माज्यासाठी न्हाय गं करत."

भावाचे सोबती अजून केळी पाठवतात. परदेशी जाणाऱ्या मालातून बाजूला काढलेली, पण गोड. खाणार कोण? फण्या घरातच काळ्या पडायच्या आणि त्या वासानं मला तो चौक आठवायचा. एकदा मोबाइलवर पाहिलं, कुठल्याशा लांबच्या देशात पिकलं केळं तळून खारट चीजबरोबर खातात. म्हटलं, केळं उपासाला चालतं, तूप चालतं, दुधाचं चालतं. आता कशी नाही म्हणते बघू!

पहिल्यांदा नुसता लगदा झाला. आपली केळी फार पिकली की तव्यावर विरघळतात. सालीवर जरा ठिपके आलेलीच घ्यायची, जाड तिरके काप करायचे आणि तूप तापलं की गॅस बारीक. कडा तांबूस झाल्या की घरभर गुळाच्या पाकासारखा वास सुटतो. दुसऱ्यांदा जमलं. वर पाकिटातलं चीज किसलं. आईनं ताटली नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"ह्यात मीठ कुटलं?"

साधंच असणार. उपासाला तिला सैंधवच लागतं. गेलं सगळं बोंबलत.

मग मी हट्टालाच पेटले. दूध उकळलं, लिंबू पिळलं, फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबलं, सैंधव चोळलं. पांढरीशुभ्र खारी वडी! खरं सांगते, कितीतरी महिन्यांनी आपल्या हातून काहीतरी नीट झालं असं वाटलं. वळून बघते तर आई दारात.

"दूध मुद्दाम नासवलंस?"

"अगं, पनीर आहे ते."

"आजारी मानूस हाय घरात. तान्ह्यावानी पडलाय त्यो. आनि तू दूध नासवतीस?"

ती रडायलाच लागली. मी ताटली आदळली, ओरडले, आणि शेवटी सगळं मीच खाल्लं, ओट्याशी उभी राहून, नाक ओढत. चांगलं झालं होतं, त्याचाच राग आला. तिचे उपास चालूच राहिले. वाटायचं, आधी हीच जाणार, आणि मी काही करू शकणार नाही.

रोज सकाळी भावाचं अंग पुसून झालं की ती आपलं बोट त्याच्या मुठीत द्यायची. "दाब की रं राजा. जरासं दाब." मग थांबायची. बादलीतलं पाणी गार होईपर्यंत थांबायची. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं की हे आता असंच राहणार. मी ऐकलं होतं, तिनं नव्हतं ऐकलं.

परवाच्या सोमवारी तिनं अंग पुसलं, चादर सारखी केली आणि बादली उचलून सरळ आत आली. बोट दिलंच नाही. मी चहा गाळत होते.

"ती केळी तळ," म्हणाली. "आनि ते नासवलेल्या दुधाचं बी कर."

"आई, आज सोमवार."

"ठावं हाय मला."

मी केलं. घाईत लिंबाची बी पण दुधात पडली. ती खाली बसून खायला लागली, भराभर, माझ्याकडे न बघता. मधेच थांबली.

"लई अळणी झालंय," म्हणाली, आणि हात लांब करून रोजच्या मिठाची बरणी ओढली.

हे उपास सुटावेत म्हणून मी इतके दिवस जीव काढला होता. आणि मीच तिचा हात धरला.

"आई, नको गं. साधं मीठ आहे ते. उपास मोडेल."

"सोड," ती म्हणाली. "भूक लागलीया मला."