मग ती दिवसभर करायची काय?

विलायतमावशींनी विलायत पाहिली ती फक्त काचेतून. नागपूरहून अमेरिकेत रेडमंडला येताना लंडनच्या विमानतळावर त्यांना विमान बदलायचं होतं, तेवढीच काय ती भेट. "पाऊस पडत होता आणि पिवळा कोट घातलेला एक माणूस सामान फेकत होता. झालं आमचं इंग्लंड!" असं त्या हसत सांगायच्या. पण तिथल्या राजघराण्यात कोण कुणाच्या गळ्यात पडलं आणि कुणी कुणाचा गळा कापला, हे त्यांना शेजारच्या बिऱ्हाडासारखं ठाऊक होतं.

आमची ओळख अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये झाली. साल सत्त्याण्णव. मुलगा विवेक आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून नातीला सांभाळायला मावशी सहा महिन्यांसाठी आलेल्या. मी वरच्या मजल्यावरची, नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडून आलेली. नात बाबागाडीत झोपली होती, ड्रायर घरघरत होता. मावशींनी मी कुठली ते विचारलं, मी "पुण्याची" म्हटलं, आणि लगेच त्या म्हणाल्या, "तुला सांगते, त्या सहा बायकांच्या राजाची चौथी सगळ्यांत शहाणी!" मी मनात म्हटलं, मेले! आता कपडे वाळेपर्यंत सुटका नाही. पण ऐकता ऐकता कपडे वाळून गारसुद्धा झाले. राजाला चौथी पसंत पडली नाही. तिनं आदळआपट न करता काडीमोड मान्य केला, बदल्यात वाडे घेतले आणि राजाची बहीण म्हणून मानानं राहिली. "दोघींच्या माना गेल्या, एक बाळंतपणात गेली, आणि ही बाई चांगलंचुंगलं खाऊन सगळ्यांना पुरून उरली बापा," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

त्या राजा-राण्यांची नावं कधी घेत नसत. "एकेका घरात तीच ती नावं, म्हणून पुढे आकडे लावतात. माझ्या वर्गात चार सुनीता असल्या की मी लावायची तसे." त्यांच्या तोंडी असायची ती 'चौथी', 'स्पेनची', 'काळ्या कपड्यांतली' आणि 'तो राज्य सोडलेला'. मलाही त्यांनी नावानं हाक मारली नाही. मी पहिल्या दिवसापासून 'पुण्याची'.

नागपुरात मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता. नोकरी संपल्यावर वस्तीतल्या मुलींना संध्याकाळी घरीच शिकवत. एकदा मी जरा खवचटपणे विचारलं, "मावशी, तुमच्या घरात शेल्फवर बुद्ध, आणि डोक्यात हे इंग्रज राजे कशाला?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या आजा-पणज्यांना इतिहासात कुणी उभं केलं नव्हतं. म्हटलं, ज्यांना सिंहासनावर बसवलंय त्यांचं काय चाललंय ते तरी बघू. आत शिरून पाहिलं तर तिथेही बाया रडतच होत्या. मग राजवाड्याची भीती गेली."

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "ते सगळं खरं, पण मग ती दिवसभर करायची काय?" काळ्या कपड्यांतली राणी नवरा गेल्यावरही त्याच्या दाढीचं गरम पाणी रोज काढून ठेवायला लावायची. आम्ही लाँड्री रूममधल्या बायका हळहळलो, की मावशी म्हणणार, "रडायची, पण कागद वाचून सह्याही करायची. म्हणून टिकली." राज्य सोडलेल्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "प्रेमासाठी सोडलं, छान केलं. पुढे जन्मभर काय केलंस बाबा? पार्ट्या!"

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागायचा. पुण्यात मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते. दिवसभर रक्ताचे नमुने, सूक्ष्मदर्शक, डॉक्टरांचे फोन. इथे काम करायची परवानगी नाही. घर पुसायचं, परत पुसायचं, टीव्हीवर अमेरिकन बायकांची भांडणं बघायची आणि संध्याकाळी नवऱ्याची, अनिलची कार वळताना दिसते का म्हणून खिडकीत उभं राहायचं. अनिल वाईट नव्हता हो. "तू रिलॅक्स कर ना यार," म्हणायचा. त्या रिलॅक्सचाच मला उबग आला होता.

"तूच नाही, सगळ्या राण्या डिपेंडंट व्हिसावरच आल्या," मावशी म्हणायच्या. "कुणी स्पेनहून, कुणी जर्मनीहून. भाषा येत नाही, जेवण गोड लागत नाही, नवरा कामात." लाँड्री रूममध्ये हशा पिकायचा. मीही हसायची आणि वर येऊन दार लावून रडायची.

ऑगस्ट संपता संपता एका रविवारी सकाळी मी कचरा टाकायला खाली उतरले, तर मावशींच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. दार अर्धवट उघडं. आत मावशी पांढऱ्या साडीत बसलेल्या, बुद्धापुढे मेणबत्ती, आणि बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मला वाटलं, नागपूरला कुणीतरी गेलं! अशा घरात चूल पेटत नाही, एवढं मला आईनं शिकवलं होतं. तशीच वर पळाले, घाईघाईनं पिठलं ढवळलं, भात लावला आणि पातेली घेऊन खाली आले. तोवर समोरची अमेरिकन आजीही पांढरी साडी आणि चपला पाहून मॅकरोनीचा ट्रे घेऊन उभी होती.

"मावशी, कोण गेलं?" मी विचारलं.

मावशींनी टीव्हीकडे बोट केलं. पॅरिसमधला बोगदा आणि चुरगळलेली गाडी दाखवत होते. युवराजाची घटस्फोटित बायको, सोनेरी केसांची ती.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ती आपली कोण? मी इथे पिठलं घेऊन..."

"कुणी नाही," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण छत्तीस वर्षांची होती गं. विशीत आणून सजवून बसवली. आत्ता कुठे त्या सुरुंगांनी पाय गेलेल्या माणसांमध्ये जाऊन बसायला लागली होती. आत्ता कुठे तिला कळलं होतं, दिवसभर काय करायचं ते."

बाकीच्या बायका गेल्यावर आम्ही दोघी ते पिठलं-भात खायला बसलो. दुसरा घास तोंडात असतानाच मला रडू फुटलं, आणि जे आईलाही सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. नोव्हेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला मी पुण्याला जाणार होते, आणि परत येणार नव्हते. अनिलला याचा पत्ताही नव्हता.

मावशींनी उपदेश केला नाही. ताटात भात वाढला आणि स्पेनच्या राणीची गोष्ट सुरू केली. लग्न करून आली, काही महिन्यांतच नवरा वारला. मग कित्येक वर्षं ना सासरची, ना माहेरची. हातात पैसा नाही, परत जाता येत नाही. "मग बापानं तिलाच आपला वकील नेमलं. स्पेनची वकील, इंग्लंडच्या दरबारात! बाई असून. पुढे दिराशी, त्या सहा बायकांच्या राजाशी, लग्न झालं, त्यानं छळलं, ते सगळं पुढचं. पण तेव्हा ती रोज उठून दरबारच्या कामाला लागायची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला परत जायचं तर खुशाल जा. पण कामासाठी जा. इथे मी कुणीच नव्हते म्हणून पळून जाऊ नको."

दोन दिवसांनी बाबागाडी, छत्री आणि मला घेऊन त्या बसनं कम्युनिटी कॉलेजात गेल्या. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "धिस लेडी कॅनॉट वर्क. कॅन शी स्टडी?" मुलगी म्हणाली, "ऑफ कोर्स." इतकी साधी गोष्ट, पण वर्षभरात ती विचारायला मी घराबाहेर पडले नव्हते. त्या संध्याकाळी अनिलला मी सगळं सांगितलं, न परतण्याचंही. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "लॅबचा कोर्स किती वर्षांचा आहे?"

ऑक्टोबरात मावशी निघाल्या. विमानतळावर मी म्हटलं, "एकदा लंडनला उतरून बघा ना." "नको गं, काचेतूनच बरं दिसतं." मी लग्नाला गेले आणि जानेवारीत कॉलेजसाठी परत आले. रविवारी कधीतरी नागपूरहून फोन यायचा. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही. एकच. "काय केलंस गं दिवसभर?" आणि मी सांगायची. त्यांना सगळं ऐकायचं असायचं, जंतूंना कोणता रंग दिला इथपर्यंत.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून होते, तेव्हा अनिलचा फोन आला. मावशी गेल्या. विवेक नागपूरला जाऊन सगळं उरकून परतला, त्या संध्याकाळी मी पिठलं-भात घेऊन खाली गेले. या वेळी कुणी गेलंय का, हे विचारावं लागलं नाही.

विवेकनं पातेलं हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, आईच्या शिकवणीतल्या मुली आल्या होत्या भेटायला. स्पेनची, चौथी, सगळ्यांच्या गोष्टी पाठ त्यांना. एक चिमुरडी मला विचारते, दादा, ती पुण्याची कोणत्या राजाची राणी होती?"

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"मी काही बोलायच्या आत दुसरीच तिच्यावर ओरडली," विवेक म्हणाला. "अगं, बाईंनी सांगितलंय ना? ती कुणाचीच राणी नाही. ती दिवसभर लॅबमध्ये असते."